डॉक्टरीणबाईंच्या तीन सीटा

८ जानेवारी

टाचणी,

तुझा पत्ता दोरेवाल्याकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, तो आधी नाहीच म्हणत होता. मी त्याच्या दुकानात स्टूल ओढून ठाण मांडलं आणि त्याची रिळं रंगवार लावायला घेतली, तेव्हा कुठे घाबरून दिला.

चार वर्षांनी लिहिते आहे आणि तेही कामासाठी. कागदोपत्री आपलं सासू-सुनेचं नातं संपलं, हे मला कळतं. पण या नावाने हाक मारायची तेवढी मुभा असू दे. लग्न होऊन आलीस, तिसऱ्या दिवशी आपल्या गाद्या-सीटांच्या दुकानात उतरलीस आणि ओठांत चार टाचण्या धरून माझ्याशी मापावरून भांडलीस. तेव्हापासून जिभेवर हेच नाव बसलंय.

काम असं आहे. गावाबाहेर एक दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात, आता निवृत्त आहेत. त्यांच्या भावाला जुने छोटे ट्रॅक्टर गोळा करायचा नाद होता. शेतातले नव्हेत, बागेतलं गवत कापायचे, बुटके. माणूस बसला की गुडघे पोटाशी येतात. भाऊ गेल्या वर्षी वारला आणि तीन ट्रॅक्टर बाईंकडे आले. तिन्ही साठ वर्षांपूर्वीचे. इंजिनं चालतात, पण सीटांची पार रया गेली आहे. एकीचं रेक्झिन नुसतं हात लावलं तर पापडासारखं तुटतं. आतल्या फोमची भुकटी झाली आहे, उलटी केली की पिवळी पूड सांडते. दुसरीत काथ्या होता, त्यात उंदरांनी तीन पिढ्या काढल्या असाव्यात. तिसरी सगळ्यांत देखणी. पाठ आणि बैठक एकसंध, उभ्या फुगीर नळ्या शिवलेल्या, आणि कडेने दुहेरी पायपिंग, म्हणजे दोरी घालून शिवलेली जोडगोट.

ती दुहेरी पायपिंग मला जमत नाही. कोपऱ्यावर आली की चुरगळते. तू त्या जुन्या मोटारीच्या सीटला केली होतीस तेव्हा एक सुरकुती नव्हती. कशी केली होतीस, एवढंच विचारायचं आहे. दोन ओळींत लिहून कळव.

माझा उजवा अंगठा हल्ली कात्री धरायला कुरकुर करतो. बाकी बरं आहे. मुलाबद्दल तू विचारलेलं नाहीस, म्हणून मीही काही लिहीत नाही.

दुकानातून,
तुझी पूर्वीची सासू


२२ जानेवारी

टाचणी,

पाकीट मिळालं. चिठ्ठी असेल म्हणून आतून बाहेरून तपासलं, शिवण उसवावी तसं पाकीट उसवलं. चिठ्ठी नव्हती. पण कापायचा कागदी बेत होता, त्यावर तुझ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. कोपऱ्याच्या अलीकडे दोन बोटांपासून बारीक कट, कट कुठे थांबवायचा ती रेघ, आणि कोपऱ्यात लिहिलेलं, ‘रेक्झिन आधी उन्हात ठेवा. थंड असताना ओढू नका.’ हे वाचून मी माझ्याच कपाळावर हात मारला. मी जानेवारीच्या थंडीत सकाळी सातला रेक्झिन ओढत होते.

आता पहिली सीट सांगते, ती झाली. सीटखालची पत्र्याची परात गंजून लाल झाली होती. घासून रेड ऑक्साइड मारला. तळाला पाणी निथळायची भोकं असतात, ती कुणीतरी पूर्वी लांबी-पुट्टी भरून बुजवली होती आणि म्हणूनच सगळं सडलं. भोकं मोकळी केली. वर गोणपाट, मग कडक फोम, मग मऊ.

गंमत म्हणजे जुना फोम डावीकडे पार खचला होता. बाईंच्या भावाचं उजवं कंबरडं दुखायचं, म्हणून तो आयुष्यभर डाव्या बाजूवर भार देऊन बसला. मला वाटलं, बहीण आहे, आठवण म्हणून तसंच ठेवायला सांगेल. मी हळू आवाजात विचारलं, “हा खोलगटपणा तसाच ठेवू का?”

बाई म्हणाल्या, “कशाला? तो गेला. आता मी बसणार आहे. माझ्या मापाने करा.”

मग मी ओल्या वाळूची पिशवी परातीत ठेवली आणि त्यांना वर बसवलं. उठल्यावर त्यांनी वाळूतला ठसा बघितला आणि म्हणाल्या, “एवढी मोठी आहे मी? चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघण्यात गेली, मागे वळून बघायचं राहून गेलं.” मी इतकी हसले की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. तुला ही बाई आवडली असती.

परात घासायचं काम मी केलेलं नाही. रविवारी तो येतो आणि करून जातो. तो आता डेपोजवळ खोली घेऊन राहतो, माझ्याजवळ राहत नाही. बस दुरुस्त करून उरलेला वेळ माझ्या पत्र्यांवर घालवतो. तुझं पाकीट टेबलावर होतं. त्यावरचं अक्षर त्याला दिसलं. हातातला ब्रश खाली ठेवला, साबणाने दोन वेळा हात धुतले, पुसले आणि मग पाकीट उचललं. उघडलं नाही. जिथे होतं तिथे परत ठेवलं.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

तुझी,
दुकानातली


६ फेब्रुवारी

टाचणी,

चार ओळी का होईना, तुझं पत्र आलं. तुझ्याच ओळी तुला परत लिहून दाखवते, म्हणजे मी नीट वाचल्या हे कळेल. ‘अंगठा डॉक्टरला दाखवा, दातांच्या नव्हे. दुसरी सीट झाली की कळवा. त्याच्याबद्दल लिहू नका. जा म्हणून तोंडावर सांगितलं आणि मागून माझ्या नावाने नकार कळवला, त्या माणसाचे हात किती वेळा धुतले यात मला रस नाही.’

बरं. लिहीत नाही.

दुसरी सीट फसली. बाई आल्या, बसल्या आणि हळूहळू पुढे घसरल्या. पुन्हा मागे सरकल्या, पुन्हा घसरल्या. “ही सीट मला घराबाहेर काढते आहे,” म्हणाल्या. फोम जास्त कडक झाला होता आणि मागची बाजू बोटभर उंच. सगळं काढून पुन्हा करायला घेतलं आहे. अशी चूक मी पूर्वी केली नसती. पूर्वी तळहाताने दाबलं की मला कळायचं. आता हाताला कळतं पण अंगठा ऐकत नाही.

तू लिहिलंस त्यावर काय लिहावं सुचत नाही. जुनं झालं ते सगळं. घरात कधी कधी माणसं एखादी गोष्ट घराच्या भल्यासाठी करतात आणि ती भलतीकडेच जाते. तू इतकी वर्षं मनात धरू नयेस एवढंच वाटतं. तो वाईट माणूस नाही.

इथे तीन वेळा लिहून खोडलं आहे. तुला खोडलेलं दिसेल, वाचता येणार नाही.

अंगठा दाखवून येते.

तुझी


९ फेब्रुवारी

टाचणी,

सहा तारखेचं पत्र फाडून टाक. त्यातली घसरणाऱ्या सीटची गोष्ट खरी आहे, बाकी ‘घराचं भलं’ वगैरे सगळं खोटं.

तो फोन मी घेतला होता.

आता क्रमाने लिहिते, कारण क्रमाने लिहिलं नाही तर पुन्हा कुठेतरी लपेन. तू दोरा आणायला गेली होतीस. दुपारचे साडेतीन झाले असतील. जुन्या मोटारी नव्या करणाऱ्या त्या कारखान्यातून फोन आला. मालकांचा नव्हता, कारकुनाचा होता. म्हणाला, तुमच्या सूनबाईंचं काम साहेबांना फार आवडलं आहे. घरी विचारून ठेवा, आम्ही फोन करू, असं साहेब त्यांना म्हणाले होते, तर काय ठरलं? सोमवारपासून येता येईल का?

माझ्यासमोर टेबलावर तुझी अर्धी शिवलेली सीट होती. तेव्हाही माझा अंगठा दुखायला लागला होता, तुम्हा दोघांनाही मी सांगितलं नव्हतं. तू गेलीस तर माझ्या हातून काय होणार आहे, हे मला तुझ्या त्या शिवणीकडे बघून लख्ख दिसलं. आणि मी म्हणाले, “ती नाही येणार. घरून परवानगी नाही.”

तो म्हणाला, “नक्की ना?”

मी म्हणाले, “नक्की.”

मग तू उन्हाळाभर त्या फोनची वाट बघितलीस. घंटा वाजली की कात्री खाली ठेवायचीस. मी ते रोज बघत होते. कात्री खाली ठेवल्याचा आवाज मला अजून ओळखू येतो. रोज वाटायचं, आज सांगू. दिवस जात राहिले तसं सांगणं अवघड होत गेलं. त्यांना दुसरं कुणी मिळालं असेल, आता सांगून काय उपयोग, असं मी माझं समाधान करून घेतलं.

पुढचं तू पाहिलेलं आहेस, पण माझ्या बाजूने पाहिलेलं नाहीस. रेक्झिनच्या ठोक दुकानात ते मालक तुला भेटले आणि म्हणाले, तुमच्या घरूनच नकार आला की. तू दुकानात आलीस. तो मशीनची मोटर उघडून बसला होता. मी सोफ्याच्या पट्ट्या ठोकत होते, तोंडात खिळे होते. तू विचारलंस, “कोण बोललं त्यांच्याशी?”

तोंडात खिळे होते म्हणून बोलता आलं नाही, असं मी स्वतःला चार वर्षं सांगत आले. खिळे थुंकायला किती वेळ लागतो?

त्याने माझ्याकडे बघितलं. एकदाच. माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याला कळलं. मान खाली घालून तो म्हणाला, “मी बोललो.”

त्याला फोनबद्दल काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तुला जा म्हणाला होता ते मनापासून. तुझ्याबरोबर जाता यावं म्हणून त्याने बदलीचा अर्जही लिहून ठेवला होता, तो मला नंतर मशीनच्या खणात सापडला.

तू त्याला जे जे बोललीस ते त्याने ऐकून घेतलं आणि मी त्याला ऐकू दिलं. तुझं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी आत मशीन चालवत होते. खाली कापड नव्हतं. नुसतीच सुई वरखाली होत होती.

त्यानंतर त्याने मला या गोष्टीवरून एक शब्द विचारला नाही. वेगळी खोली तेवढी घेतली.

माफी मागायची का, हे मला कळत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, नाहीतर नाकारावं लागेल, दोन्हीचा तुलाच त्रास. म्हणून जे झालं ते फक्त तुझ्या हाती देते.

तुझी अपराधी


१० मार्च

टाचणी,

महिना झाला, तुझं पत्र नाही. हे त्याबद्दल नाही. या महिन्यात मी दोन गोष्टी केल्या, त्या तुझ्याशी निगडित आहेत म्हणून कळवते. तुझ्या पाठीमागे आता काही करायचं नाही.

पहिली. रविवारी तो आला तेव्हा मी त्याला सांगितलं, “तिला सगळं लिहून कळवलं.” तो दुसऱ्या सीटच्या स्प्रिंगला तेल देत होता. म्हणाला, “कशाला? माझं निभत होतं.” मी म्हणाले, “तुझं निभत होतं म्हणूनच.” मग तो बराच वेळ त्याच स्प्रिंगला तेल देत राहिला. जमिनीवर थारोळं झालं, ते मी रेक्झिनच्या तुकड्याने पुसलं. जाताना दारात थांबून म्हणाला, “काही उत्तर आलं का?” नाही म्हणाले.

दुसरी. मी त्या कारखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंची दुसरी सीट आता व्यवस्थित झाली आहे, तिलाही मी तुझ्या बेताप्रमाणे पायपिंग घातली. बाई तिच्यावर बसून म्हणाल्या, “आता राहू देते आहे मला.” ती सीट जुन्या चादरीत गुंडाळून बसने घेऊन गेले. मालकांना भेटले. कपाळावर चष्मा आणि खिशात टेप असलेले गृहस्थ आहेत, तू ओळखतेसच. त्यांना म्हणाले, चार वर्षांपूर्वी नकार माझ्या सुनेने दिलेला नव्हता, मी दिला होता, तिला न विचारता. त्यांनी सीट उलटीसुलटी करून बघितली. पायपिंगच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. “हे कुणी शिकवलं तुम्हाला?” म्हणाले.

“तिनेच. पत्रातून.”

“माझ्याकडे तेव्हाची जागा भरली. पण सीटांच्या कामाला चांगला हात मला नेहमीच हवा असतो.”

मी उत्साहाने बोलायला तोंड उघडलं, की ती येईल, नक्की येईल, मी तिला समजावते. त्यांनी हात वर केला. “बाई, या वेळी तुम्ही काही सांगू नका. तिला वाटलं तर ती फोन करेल. नाही वाटलं तर नाही करणार.”

कान तापले माझे. पण बरोबर होतं. त्यांच्या नंबराचं कार्ड सोबत जोडलं आहे. त्यापुढे माझा काही संबंध नाही.

येताना बसमध्ये सीट मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, “ही कसली?” मी म्हणाले, “ट्रॅक्टरची.” ती म्हणाली, “आणि ट्रॅक्टर कुठे आहे?” तुझ्याशिवाय ही गंमत कुणाला सांगावी असं वाटलं नाही.

डॉक्टर म्हणाले, अंगठ्याच्या सांध्यातली गादी झिजली आहे. आपल्या धंद्यातलाच शब्द वापरला त्यांनी. फक्त ती बदलून मिळत नाही.

तिसरी सीट, नळ्यांची, अजून तशीच आहे. वीस तारखेला बाई त्यांच्या बागेत भावाच्या जुन्या मित्रांना बोलावून तिन्ही ट्रॅक्टर चालवणार आहेत. बघू.

तुझी


२४ मार्च

टाचणी,

तू येऊन गेलीस त्याला आठवडा झाला. तू इथेच होतीस, तरी लिहिते. दोन कारणं आहेत. एक म्हणजे तू जे बोललीस ते जसंच्या तसं उतरवून ठेवायचं आहे. माझं वय झालं, पुढेमागे मी ते मऊ करून आठवेन आणि मग मला तेच खरं वाटायला लागेल. दुसरं म्हणजे तू आत शिवत होतीस तेव्हा बाहेर पायरीवर काय झालं, ते तुला माहीत नाही.

मंगळवार होता, सकाळचे अकरा. मी मान वर केली तर तू दारात. बारीक झाली आहेस. केसांत पांढरं आलं आहे. मी लगबगीने उठत म्हणाले, “ये, बस ना.”

तू म्हणालीस, “बसायला नाही आले. भांडायला आले आहे.”

“भांड.”

“चार वर्षं मी चुकीच्या माणसावर राग काढला. आता बरोबर माणसावर काढायचा तर तुम्ही अंगठा धरून, म्हातारं तोंड करून बसला आहात. मला नीट रागावताही येऊ देत नाही तुम्ही.”

मी म्हणाले, “अंगठा मागे लपवते. तू बोल.”

तेव्हा तुला हसू आलं होतं, आणि हसू आलं म्हणून तू आणखी चिडलीस. मग तू रडलीस आणि म्हणालीस, “मी तुम्हाला आई म्हणत होते. माझ्या आईने असं केलं असतं तर मी तिच्या तोंडावर दार लावलं असतं. तुमच्या बाबतीत ते सुद्धा मला करता आलं नाही, कारण मला कळलंच नाही.”

शब्द तुझेच आहेत, एकही मऊ केलेला नाही.

मग म्हणालीस, त्याला बोलवा. तो डेपोतून तसाच आला, कोपरापर्यंत काळा. तू त्याला बसूही दिलं नाहीस. “तू का गप्प बसलास?”

“आईचा चेहरा बघवला नाही.”

“आणि माझा?”

तो हातावरचं काळं पँटला पुसायला लागला.

“आईने माझ्या वतीने एकदा ठरवलं. तू तर रोज ठरवलंस. रोज सकाळी उठून ठरवत होतास, की हिला खरं कळायची गरज नाही. नवरा गमावला तरी चालेल, पण हिला कळायला नको. मोठेपणा वाटत होता ना तुला?”

टाचणी, मला वाटत होतं की या सगळ्यात त्याची बाजू स्वच्छ आहे. माझी काळी आणि त्याची पांढरी. तू बोललीस तेव्हा पहिल्यांदा कळलं की तसं नव्हतं. तुझ्यावर दोघांनी मिळून अन्याय केला, मी भीतीपोटी आणि त्याने प्रेमापोटी, आणि तुझ्या वाट्याला जे आलं ते सारखंच होतं.

तो बाहेर गेला. तू डोळे पुसलेस आणि तिसरी सीट पुढे ओढलीस. “या नळ्या तुम्ही शिवल्या?” मी हो म्हणाले. “उसवा.” आणि मी, पस्तीस वर्षं या धंद्यात घालवलेली बाई, मुकाट्याने उसवायला बसले.

मध्येच डॉक्टरीणबाई टपकल्या. तुला बघून म्हणाल्या, “या कोण?” माझी जीभ अडखळली. सून म्हणू की सून होती म्हणू. तू मशीनवरून मान वर न करता म्हणालीस, “मी पायपिंगवाली.” बाईंनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दारातल्या पायरीवर बसलेल्या काळ्या हातांच्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “दुखरा दात हलला की आधी जास्तच ठणकतो. चालू द्या.” आणि गेल्या.

आता पायरीवरचं. मी पाणी घेऊन त्याच्याजवळ गेले. तो रडत नव्हता, पण रडून झालेलं दिसत होतं. म्हणाला, “आई, ती म्हणते ते खरं आहे. मला वाटायचं, मी तुला वाचवलं. वाटायचं, आपण काहीतरी मोठं केलं. तिला काय वाटत असेल ते मनात आलं की मी दुसरं काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचो.”

मी त्याला म्हणाले, “मी तुला वाचवायला सांगितलं नव्हतं.”

“नाही. पण तू थांबवलंही नाहीस.”

“नाही थांबवलं,” मी म्हणाले. “चुकले रे मी. तुझ्याही बाबतीत.” एवढं बोलायला मला चार वर्षं लागली. पाणी त्याने प्यायलं नाही, माझ्याच हातात परत दिलं, म्हणाला, “तू पी.” आम्ही दोघं तिथे बसून तुझ्या मशीनचा आवाज ऐकत राहिलो. सरळ शिवणीत तू वेग घेतेस आणि कोपरा आला की थांबतेस, मग सुई हाताने फिरवतेस, एक, दोन, तीन. त्याने न बघता सांगितलं, “कोपरा झाला.”

तू संध्याकाळच्या बसने गेलीस. जाताना त्याच्याशी बोलली नाहीस, पण त्याने बस येईपर्यंत दहा पावलं लांब उभं राहिलेलं चालवून घेतलंस. मला म्हणालीस, “राग गेलेला नाही माझा.” मी म्हणाले, “जाऊ देऊ नकोस इतक्यात. पण पत्र पाठव.”

वीस तारखेला बाईंनी तिन्ही ट्रॅक्टर चालवले. नळ्यांच्या सीटवर त्या स्वतः बसल्या, हिरव्या साडीत, पायात बूट. भावाचा एक मित्र म्हणाला, “त्याने बघायला हवं होतं.” बाई म्हणाल्या, “त्याने बघितलं असतं तर मला बसू दिलं नसतं.” आणि गवताच्या कडेने तीन फेऱ्या मारल्या. शेवटच्या फेरीला मात्र तोंड फिरवून डोळे टिपत होत्या. मी बघितलं नाही असं दाखवलं.

तुझी


२६ एप्रिल

टाचणी,

तुझं पत्र काल आलं. चार पानी. मी ते दुकान बंद करून वाचलं आणि उघडून पुन्हा वाचलं.

कारखान्याच्या मालकांना तू स्वतः फोन केलास आणि नोकरीला स्वतः नाही म्हणालीस, हे वाचून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. बसच्या सीटा शिवायची तिथली नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करते आहेस, दोन मशीन घेतलीस, खाली रस्त्यालगत खोली घेतलीस. कारखाना तुला सीटा पाठवणार आणि तू तुझ्या जागेत बसून शिवणार. हे मला सुचलं नसतं. मी तुला फार तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठेवून बघत होते.

खोली उत्तरेकडे तोंड करून आहे, ते उत्तम. रंग फसवत नाहीत. कापायचं टेबल कंबरेच्या वर चार बोटं घे, माझ्यासारखं खाली घेऊ नकोस, पाठ जाते.

आणि तू लिहिलंस की मे महिन्यात पंधरा दिवस येऊन राहा. कामाला घेतलेल्या दोन्ही बायकांना बेतणं शिकवा, हातात कात्री धरायची नाही, नुसतं खडूने दाखवायचं आणि ओरडायचं. ओरडणं मला जमेल. मी येते. राग अजून आहे आणि तो मधूनमधून निघेल, हेही लिहिलंस. निघू दे. मी आता तोंडात काही न धरता ऐकेन.

त्याच्याबद्दलचं वाक्य मी त्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं, माझं काही न घालता. ‘तुम्हाला सोडायला त्याने यायला हरकत नाही. चहा पिऊन परत जावं.’ तो हातोडी घेऊन उभा होता. म्हणाला, “चहा म्हणजे साधारण किती वेळ?” मी म्हणाले, मला विचारू नकोस. मग म्हणाला, “तिच्याकडे मशीनला मोटर बसवायची असेल ना?” मी म्हणाले, मला माहीत नाही. मग पाच मिनिटांनी, “पाने-पक्कड बरोबर घेऊ का?” मी त्याला हाकलून दिलं. कालपासून दाढी करून फिरतो आहे, जायला अजून आठ दिवस आहेत.

तो तुझ्याकडे काही मागणार नाही, असं मला म्हणाला. ते मी तुला सांगत नाही, तो तिथे आल्यावर स्वतः सांगेल किंवा सांगणार नाही.

चार तारखेला सकाळी सातच्या बसने निघतो. एक वाजेल पोचायला. सकाळी तो काही खात नाही आणि मला बसमध्ये खाववत नाही. तेव्हा चहा ठेव, पण आम्हा दोघांनाही भूक लागलेली असेल, एवढं फक्त कळवून ठेवते.

तुझी,
आई